कलम पाच आणि हुसेनमामांची शाल

सांगून टाकते, या प्रवासाहून मी आले ती रागावून आले, आणि तो राग अजून उतरलेला नाही. लोक काश्मीरला जाऊन अक्रोड आणतात, म्हैसूरला जाऊन चंदनाचा साबण आणतात. मी दौंड तालुक्यात जाऊन नारळ घेऊन आले. जिच्या परसात माडाखाली उभं राहायची चोरी, त्या चिपळूणच्या बाईनं घाटावरून नारळ आणावा, याला काय म्हणायचं? शेजारच्या वहिनी पोट धरून हसल्या. मी हसले नाही. तो नारळ अजून तसाच ठेवला आहे, फोडलेला नाही. का फोडला नाही, ते सांगायला हे लिहिते आहे.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. विधेयकाचा कायदा कसा होतो हा धडा इतक्यांदा शिकवला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. विधेयक सभागृहात मांडतात, ते पहिलं वाचन. दुसऱ्या वाचनात एकेक कलम घेऊन चर्चा होते, दुरुस्त्या सुचवतात. विषय नाजूक असला तर मध्ये एक समिती नेमतात, ती गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं ऐकते आणि अहवाल देते. मग तिसरं वाचन, मतदान, दुसरं सभागृह आणि शेवटी राज्यपालांची सही. फळ्यावर मी चौकोन काढते आणि बाणांनी जोडते. त्यातला ‘लोकांचं म्हणणं’ हा चौकोन मी कायम रंगीत खडूनं काढत आले. त्यामुळे माझी भाची सुनंदा जेव्हा फोनवर म्हणाली, की मावशी, आमच्याकडे कायद्याची माणसं येणार आहेत, मांडव घातलाय, तेव्हा मी हेडबाईंकडे रजेचा अर्ज टाकला. म्हटलं, रंगीत चौकोन एकदा डोळ्यांनी बघून येऊ.

केडगाव

सुनंदा केडगावात राहते. तिचा नवरा रेल्वेत, दौंडला ड्यूटी. पॅसेंजरमधून उतरले तेव्हा थंडी अशी होती की आमच्याकडे पौषातसुद्धा पडत नाही. कोरडी, अंगाला चावणारी. ख्रिस्ती मिशनच्या आवारातली जुनी झाडं सोडली तर सगळीकडे ऊसच ऊस, त्याला तुरे आलेले. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, आणि हवेत गोडसर धुराचा वास. हा वास कसला, तर गुऱ्हाळांचा. या भागात गावागावाला गुऱ्हाळं आहेत, आमच्याकडे काजूच्या भट्ट्या असाव्यात तशी.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि एवढा मोठा गुळाचा खडा, वर लोणी. मी भात मागितला तर सुनंदाच्या सासूबाई म्हणाल्या, आजारी आहेत का पाव्हण्या? आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्या देता देताच त्याच्या चुका सांगून मोकळं होतात. इथं तसं नाही. इथं पोट भरेपर्यंत आलास कशाला हेसुद्धा विचारत नाहीत. सुनंदा म्हणाली, “मावशी, इथली एक रीत ध्यानात ठेव. आपल्या दारात जेवलेल्या माणसाला त्या दिवशी वाकडा शब्द बोलत नाहीत. दुश्मन असला तरी.” मला ती रीत फार आवडली. चिपळूणला जाऊन वर्गात सांगायची, असंही मी ठरवलं. माझ्या अकलेचा हा एक नमुना.

खुटबाव

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा मला खुटबावला हुसेनमामांच्या गुऱ्हाळावर घेऊन गेली. मामा सत्तरीला टेकलेले, उंच, पांढरी दाढी, डोक्याला मफलर. त्यांच्या आजोबांनी घातलेलं गुऱ्हाळ. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावात, आणि गावाच्या पंचक्रोशीत कुणाच्या बारशाला मामांचा गूळ गेला नाही असं झालेलं नाही. चरकातून रस वाहत होता. भल्यामोठ्या कढईला तिथं काईल म्हणतात. तिच्याखालच्या चुलवणात उत्तर प्रदेशातून आलेला एक माणूस वाळलेली चिपाडं सारत होता आणि दुसरा फेस काढत हिंदीत कुणाला तरी शिव्या घालत होता. मामांनी मला गरम काकवीची वाटी दिली. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक. भाकरीशी खाल्ली आणि बोटं चाटली, नागरिकशास्त्राची शिक्षिका असूनही.

मग मामा कामाचं बोलले. येऊ घातलेल्या कायद्यात गुऱ्हाळांना परवाना सक्तीचा होणार होता. त्याला त्यांची हरकत नव्हती. पण कलम पाच असं होतं, की साखर कारखान्यापासून ठरवून दिलेल्या अंतराच्या आत कुणाही गुऱ्हाळाला परवाना मिळणार नाही. मामांच्या चुलवणाजवळ उभं राहिलं की कारखान्याचं धुराडं दिसतं. म्हणजे हे कलम जसंच्या तसं पास झालं तर पुढच्या हंगामात इथं जाळ पेटणार नाही. कारखाना आला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, गुऱ्हाळ त्याच्याही आधीचं. आणि आजूबाजूच्या लहान शेतकऱ्यांच्या उसाला कारखान्याचा नंबर लागेपर्यंत ऊस वाळून जातो, तो मामाच गाळतात.

“बाई, मला येवढंच पायजे,” मामा म्हणाले. “जी गुऱ्हाळं आदीपासनं चालू हायेत त्यांना ह्यो नियम लावू नका. नव्यांना लावा, माझं काय म्हननं न्हाई.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ही तर जशीच्या तशी दुरुस्ती होती! कायदे खात्यातल्या माणसानं याहून नेटकी लिहिली नसती. मी त्यांना सगळं समजावलं. समितीला कलमात असं वाक्य घालायचा पूर्ण अधिकार आहे, आणि एकदा अहवालात आलं की सभागृहात तेच पुढं जातं. म्हणून बोलायची जागा हीच, बाकी सगळे टप्पे मुंबईत, तिथं मामांना कोण विचारणार? लेखी देऊ का म्हटलं, तर ते म्हणाले, कागद कारखान्यानं बी दिलाच आसंल, मी तोंडानं सांगतो. आम्ही तालीमसुद्धा केली. दोनच वाक्यं, सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नाहीत. मामांनी ती चुलवणासमोर चारदा म्हणून दाखवली आणि फेस काढणारा माणूस काम थांबवून ऐकत राहिला.

समिती सकाळी गुऱ्हाळ बघायला येणार होती, आली दुपार उलटल्यावर. धुरळा उडवत पांढऱ्या गाड्या, त्यांच्यामागं सुमो, पुढं पोलिसांची जीप. बरोबर आप्पासाहेब. आप्पासाहेब म्हणजे तिथले मोठे बागायतदार, कारखान्याचे संचालक, आणि मामांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघं एका विहिरीत पोहायला शिकले, असं सुनंदानं मला आधीच सांगितलं होतं. आप्पासाहेबांनी उतरल्याउतरल्या मामांच्या खांद्यावर हात टाकला आणि समितीच्या अध्यक्षांना म्हणाले, आमचा हुसेन, याच्या हातचा गूळ खाल्ल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही.

आणि मामा पळायला लागले. लिंबू-आलं घातलेला रस, मग काकवी आणि गरम भाकरी, मग शेंगदाणे नि ताजा गूळ. मंडळी जेवूनच आली होती म्हणे, पण कुणी हात आखडला नाही. एका सदस्यानं विचारलं की हे सेंद्रिय आहे का, दुसऱ्यानं फोटो काढून घेतला काईलीत झारा घालून. कलम पाचबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. शेवटी मामांनी हात पुसले, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य सुरू केलं. अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेतला. अगदी प्रेमानं म्हणाले, मामा, इथं बोललेलं नोंदवता येत नाही. भांडगावला रीतसर बैठक आहे, तिथं बोला. तोवर मामांच्याच माणसांनी गाड्यांच्या डिक्या उघडून प्रत्येकीत गुळाच्या ढेपा ठेवायला सुरुवात केली होती. ढेपा नोंदवाव्या लागत नाहीत.

भांडगाव

भांडगाव सोलापूर रस्त्यावर आहे, ट्रकांचा आवाज अखंड. बैठक मांडवात होती. समोर खुर्च्या, डावीकडे बायकांसाठी सतरंजी, आणि स्टेजवर टेबलावर शालींचा ढीग नि एक पोतं. पोत्यात काय असावं याचा मला जरा वेळ अंदाज आला नाही, नंतर फारच चांगला आला.

सत्कार सुरू झाले. प्रत्येक सदस्याला फेटा, शाल, नारळ. फेटा बांधणारा एकटाच, आणि तो हौसेनं बांधणारा, तुरा नीट होईपर्यंत सोडत नव्हता. मग अधिकाऱ्यांचे सत्कार, मग गाड्यांचे ड्रायव्हर राहिले असं कुणाच्या तरी लक्षात आलं, त्यांचे सत्कार. मग स्वागताची भाषणं. ऊन मांडवात तिरपं शिरलं आणि कलून मावळतीला गेलं. कायदा बनवायला निघालेल्या माणसांचा वेळ असा नारळागणिक फुटत होता आणि मी सतरंजीवर बसून दात खात होते. आमच्या शाळेत गॅदरिंगलासुद्धा एवढे सत्कार होत नाहीत, आणि तिथं निदान शेवटी नाटक तरी असतं.

सगळ्यात शेवटी आप्पासाहेब माइकपाशी गेले आणि म्हणाले, आता आपल्या मातीतल्या माणसाचा सत्कार. हुसेनमामांना त्यांनी स्टेजवर बोलावलं. स्वतःच्या हातानं फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. आप्पासाहेबांचेही नसावेत, तेच तर मला आजवर छळतं. आणि तशा अवस्थेत, डोक्यावर फेटा नि हातात नारळ असलेल्या त्या माणसाच्या तोंडापुढं अध्यक्षांनी माइक धरला. म्हणाले, बोला मामा, या कायद्याबद्दल तुमची काही हरकत?

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

“पाव्हनं आलं, ब्येस वाटलं,” ते म्हणाले. “आमची काय तक्रार न्हाई.”

समितीबरोबरच्या अधिकाऱ्यानं मान खाली घालून लिहून घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि म्हटलं, मला कलम पाचवर बोलायचं आहे. अध्यक्षांनी विचारलं, ताई कुठल्या? मी म्हटलं, चिपळूणच्या. ते म्हणाले, मग तुमचा उसाशी काय संबंध? लोक हसले. मी म्हटलं, कायदा सगळ्या राज्याचा आहे, एकट्या उसाचा नाही. हे वाक्य मी वर्गात म्हणते तेव्हा मुलं वहीत उतरून घेतात. इथं अध्यक्ष नुसते हसले आणि आप्पासाहेबांकडं वळून म्हणाले की ताई एवढ्या लांबून आल्यात, त्यांचाही सत्कार व्हायला हवा. मी नको नको म्हणत असताना दोन बायकांनी मला धरून माझ्या पदरात खण नि नारळ घातला. टाळ्या झाल्या. मग राष्ट्रगीत सुरू झालं, आणि राष्ट्रगीतात कुणाला भांडता येत नाही.

माणसाचं तोंड दाबायला लाठी लागते, अश्रुधूर लागतो, असं मी समजत होते. लागत नाही. एक नारळ पुरतो.

परतताना मी मामांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, चारदा तालीम केलीत ती कशासाठी? दोन वाक्यं होती, मामा! ते भाड्याच्या जीपच्या मागच्या सीटवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते.

“बाई, माझ्या दारात जेवल्याला मानूस. त्याच दिशी त्याच्या तोंडावर वंगाळ कसं बोलायचं? आन् आप्पानं शाल घातली, त्याच्या मांडवात त्याच्याच इरुद्ध?” मग ते म्हणाले, “उद्या ती मंडळी शिरूरला हायेत. तिथं ती माझी पाव्हनी न्हाईत. तिथं सांगतो.”

रीत मोडायची नाही आणि गुऱ्हाळही सोडायचं नाही, यातून त्यांनी स्वतःपुरता रस्ता काढला होता, आणि तो शिरूरवरून जात होता.

शिरूर

सकाळी निघालो. पारगावला भीमेवरचा पूल लागला, नदीत पाणी बेताचंच, काठानं गव्हाची शेतं हिरवीगार. पुढं न्हावरं. तिथं चहा घेतला, मामांनी मला पैसे देऊ दिले नाहीत. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी वाटेत कुणाच्या हाती दिली नाही. शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात. गावात शिरलो तर बाजारात ज्वारीची पोती उतरत होती आणि नाक्यावर रांजणगावच्या कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी होती, गळ्यात ओळखपत्रं अडकवून.

विश्रामगृहाच्या आवारात त्याच पांढऱ्या गाड्या होत्या. इंजिनं सुरू. समितीचा नाश्ता झाला होता आणि मंडळी निघायच्या बेतात होती. शिरूरचे सत्कार, कळलं की, आदल्या रात्रीच उरकले होते. अध्यक्ष गाडीशी आले तसे मामा पुढं झाले, आणि नमस्कार-चमत्कार न करता दोन्ही वाक्यं बोलले. अडखळले नाहीत. जशी चुलवणासमोर म्हटली होती तशीच.

अध्यक्ष म्हणाले, मामा, तुमचं म्हणणं तर काल झालं ना? त्यांनी अधिकाऱ्याकडं पाहिलं. अधिकाऱ्यानं फाइल उघडून वाचलं, की स्थानिक गुऱ्हाळचालकांनी विधेयकाचं स्वागत केलं, हरकत नाही. मग तो जरा अवघडून म्हणाला की दौंड तालुक्याची सुनावणी संपली, आजची शिरूरची. आता बदल करता येत नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर जे येतं तेच तो लिहितो, आणि त्याच्या टेबलावर काल फक्त टाळ्या आल्या होत्या.

मामांनी पिशवी उघडली. घडी केलेली शाल काढली, वर नारळ ठेवला, दोन्ही हातांनी पुढं धरलं.

“ह्ये मागं घ्या सायेब. मंग कालचं बोलनं बी मागं येतंय.”

कुणीच हसलं नाही. अध्यक्षांनी शालीकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस गाडीचं दार लावील आणि खाली बसून म्हणेल, बोला. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, मामा, असं नसतं, मानाची वस्तू परत घेत नाहीत. बघतो मी, काळजी करू नका. गाडीत बसले, आणि गाड्या गेल्या. मामा हात पुढं धरून धुरळ्यात उभे होते.

एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अध्यक्षांवर काढावा तर ते गोड बोलले होते. आप्पासाहेबांनी मिठी मारली होती. अधिकाऱ्यानं नियम सांगितला होता. एकानंही मामांना नाही म्हटलं नव्हतं! सगळ्यांनी मिळून त्यांच्या तोंडून हो वदवून घेतलं आणि ते कागदावर नेलं. माझ्या फळ्यावरचा रंगीत चौकोन हा असा भरतात. आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात खोट सापडायची नाही. समिती आली होती, बैठक झाली, म्हणणं विचारलं, उत्तर मिळालं. आणखी काय हवं?

चिपळूण

परत येऊन काही महिने झाले. परवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन बोटं बातमी होती. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी गोंधळात बरीच विधेयकं चर्चेविना मंजूर झाली, त्यांत गुऱ्हाळांचं होतं. कलम पाच होतं तसंच. एकेक कलमाची चर्चा मी मुलांना तासभर शिकवते, तिथं सगळी कलमं मिळून एका होयमध्ये गेली. संध्याकाळी दुसऱ्या सभागृहातही तेच झालं. फळ्यावर माझे बाण एवढ्या वेगानं कधी धावले नाहीत.

मी एसटीडी बूथवर जाऊन सुनंदाला फोन लावला. म्हटलं, मामांना कसं सांगायचं ते तूच बघ. ती म्हणाली, ते इथंच आहेत, तुझ्याच फोनची वाट बघत होते. मामांचा आवाज आला. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. रडारड नाही, चिडचिड नाही.

“बाई, तुमी त्या दिशी सांगितलं व्हतं, शेवटी राज्यपालाची सही लागती. ती झाली का?”

मी म्हटलं, अजून नसेल. थोडे दिवस लागतात.

“मंग त्यांनी आपला गूळ खाल्लाय का?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्या सगळ्या साखळीत मामा असा एकच माणूस शोधत होते, जो त्यांच्या दारात जेवलेला नाही, ज्याच्याशी वाकडं बोललं तर रीत मोडत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर अजूनही बोलायची जागा होती. राज्यपाल सहीआधी विधेयक परत पाठवू शकतात, हे मी पाठ करून घेते, पण प्रत्यक्षात किती वेळा पाठवतात हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या डिक्यांतल्या ढेपा मुंबईत कुणाकुणाच्या घरी उतरल्या असतील, हेही मला ठाऊक नव्हतं.

“नाही खाल्लेला,” मी म्हटलं.

“मंग जाऊ,” मामा म्हणाले.

ते केडगावहून शाल घेऊन मुंबईला निघतील, मी इथून नारळ घेऊन निघते आहे.